विषय: गणपतीतलं कोकणी पान

प्रेषक: मंडळ, स्वयंपाक समिती

नमस्कार मंडळी,
यंदा गणपतीला मंडळात कोकणी पान वाढायचं ठरलंय. साधारण 50 पानं होतील. श्रीखंड-पुरी दरवर्षीच होते; यंदा भाद्रपदात किनाऱ्यावरच्या घरांत जे शिजतं तेच हवंय. गावी असलेल्यांनी कृपया प्रमाणासकट लिहावं. इथे परदेशात फ्रोझन खोबरं, पाकिटातली तांदळाची पिठी आणि फ्रोझन केळीची पानं मिळतात. गेल्या वर्षी निम्मे मोदक उकडताना फुटले होते. नेमकं काय चुकलं असेल?

---

प्रेषक: गुहागरहून

नमस्कार,
मोदक फुटतात ते बहुतेक वेळा उकडीमुळे, आणि उकड बिघडते ती पाण्यामुळे. तांदळाच्या पिठीला गव्हासारखा चिकटपणा नाही. उकळत्या पाण्यात पिठी शिजली की जो चिकटपणा येतो, त्याच्यावरच सगळी पारी, म्हणजे मोदकाचं वरचं आवरण, तोललेली असते. म्हणून पाण्याला खळखळून उकळी यायलाच हवी. नुसत्या गरम पाण्यात पिठी घातली की ती अर्धी कच्ची राहते आणि मुखऱ्या (कळ्या) पाडताना पारीला चिरा जातात.

प्रमाण सरळ आहे. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल किंवा लोणी. तांदूळ नवा असेल तर पाणी दोन चमचे कमी, जुना असेल तर तेवढंच जास्त. पाकिटातल्या पिठीचा भरवसा नाही, म्हणून आधी एका वाटीची उकड काढून पाहा. पाकीट घेताना नीट वाचा: चिकट तांदळाचं पीठ वेगळं, त्याचे मोदक वाफेत बसतात. उकळत्या पाण्यात पिठी घालून उलथन्याच्या दांड्याने हलवा, झाकण ठेवून बारीक आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ काढा, मग परातीत काढून गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळा. हाताला सोसत नसेल तर आधी वाटीच्या बुडाने रगडा. मळण्यात कसर ठेवली तर पुढचं काहीच साधत नाही. बोटाने दाबल्यावर कडा न चिरता खळगा पडला की उकड झाली.

एका वाटीत मध्यम आकाराचे 9-10 मोदक होतात. 50 पानांना दोन-दोन धरले तर 11 वाट्या पिठी लागेल. पण एका वेळी तीन वाट्यांच्या वर उकड काढू नका. शेवटच्या गोळ्यापर्यंत ती गार होते आणि पाऱ्या फाटतात. मळलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवा.

सारणाला दोन वाट्या खोबरं, एक वाटी चिरलेला गूळ, वेलची, किंचित जायफळ, वाटल्यास भाजलेली खसखस. फ्रोझन खोबरं पूर्ण वितळू द्या आणि कढईत आधी एकटंच परतून त्यातलं पाणी आटवा, मगच गूळ घाला. सैल सारण हे फुटण्याचं दुसरं कारण, कारण पातळ झालेला गूळ पारीच्या बुडातून वाट काढतो. उलट फार आटवलं तर गार झाल्यावर सारणाचा खडा होतो. कढईच्या कडेने सुटू लागलं की लगेच उतरवा.

मोदक पात्रात ठेवण्याआधी एकदा गार पाण्यात बुडवून काढा, वरून कोरडे पडत नाहीत. खाली पान हवंच. 10-12 मिनिटं पुरतात. जास्त वेळ ठेवले तर त्यानेही फुटतात.

उरलेली उकड टाकू नका. हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि मीठ वाटून तीत मळा, चपट्या टिकल्या थापून उकडा. या निवगऱ्या. गरम असतानाच तेल किंवा तूप घालून द्या, मोदकांच्या गोडावर हाच उतारा.

---

प्रेषक: मालवणहून

मंडळी, गुहागरकरांचं मोदकाचं सगळं बरोबर. पण कोकणी पान म्हणजे नुसते मोदक नव्हेत. दक्षिण कोकणात या सणाला चवथ म्हणतात आणि चवथीच्या दिवसांत काळ्या वाटाण्यांचं सांबारं नसेल तर पान अपुरं वाटतं.

50 जणांना दोन किलो काळे वाटाणे घ्या. साल जाड असते, म्हणून 10-12 तास भिजायला हवेत. थंडीच्या देशात भिजवताना पाणी कोमट घ्या. कुकरला पाच-सहा शिट्या. पूर्ण मऊ होईपर्यंत आमसूल किंवा चिंच अजिबात घालायची नाही, आंबटाने वाटाणा दडस राहतो आणि मग कितीही शिजवला तरी दाताखाली लागतो. नैवेद्याला कांदा-लसूण नाही. दोन वाट्या वाटाण्यांना एक वाटी खोबरं खमंग तांबूस भाजायचं, त्याबरोबर चमचाभर धणे, पाच-सहा मिरी, दोन लवंगा आणि सहा-सात सुक्या मिरच्या, आणि गुळगुळीत वाटायचं. सांबाऱ्याचा रंग भाजलेल्या खोबऱ्याचा असतो. खोबरं फिकट राहिलं तर जास्तीच्या तिखटाने ती उणीव भरत नाही.

बरोबर आंबोळ्या. इथे कृपया गल्लत करू नका: आंबोळी आंबवलेली, घावन न आंबवलेलं. आंबोळीला तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथी. सहा तास भिजवून वाटा आणि रात्रभर उबेला ठेवा. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवलंत तर पीठ फुगतं. घावनाला मात्र पिठी, मीठ आणि पाणी, बाकी काही नाही. वाटीभर पिठीला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी, ताकाइतकं सैल. पिठी सतत तळाला बसते, म्हणून दरवेळी ढवळून मगच घ्या. ढवळलं नाही तर पहिली घावनं पाणचट आणि शेवटची रबरासारखी होतात. बिडाचा तवा चांगला तापवायचा, नारळाची शेंडी तेलात बुडवून त्यावर फिरवायची (एरवी अर्धा कांदा चालतो, नैवेद्याला शेंडीच), आणि पीठ कडेकडून आत सोडत यायचं. ‘चर्र’ आवाज आला नाही तर जाळी पडणार नाही. मिनिटभर झाकण, कडा आपोआप उचलल्या की घडी घालून काढा.

गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटलं. एका नारळाचं दाट दूध वेगळं काढून ठेवा. पातळ दुधात दोन मोठे चमचे पिठी कालवून सतत ढवळत शिजवा, पाऊण वाटी गूळ विरघळवा, चिमूटभर मीठ, वेलची. दाट दूध शेवटी घालून लगेच उतरवा, उकळी आली की फाटतं.

गौरीच्या दिवशी काही घरांत तिखटाचा, म्हणजे मटण-माशांचा नैवेद्य असतो. तोही कोकणातलाच आचार आहे. मंडळात करायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण पत्रकात ‘कोकणी गौरी फक्त गोड’ असं छापू नका.

---

प्रेषक: मंडळ, स्वयंपाक समिती

दोघांचे मनापासून आभार. पानात वाफवायच्या पातोळ्यांना हळदीची पानं मिळत नाहीत, केळीचं पान चालेल का? आणि ओव्हनमध्ये होईल असं काही आहे का?

---

प्रेषक: गुहागरहून

केळीच्या पानावर पातोळी होते, पण वास येत नाही, आणि पातोळीत वास हाच जीव आहे. पात्राचं झाकण उघडल्यावर जो वास येतो तो हळदीच्या पानाचाच. हळदपूड घालून तो येत नाही, रंग तेवढा बिघडतो. पुढच्या वर्षासाठी भारतीय दुकानातून ओल्या हळदीचे डोळे असलेले कंद आणा, चैत्र-वैशाखात मोठ्या कुंडीत लावा आणि घरात उबेला ठेवा. भाद्रपदापर्यंत वीतभर तरी पानं मिळतील.

पातोळीला तांदूळ भिजवून दाटसर वाटा, पानावर पातळ पसरा, अर्ध्या भागावर मोदकाचंच सारण, पान उभं दुमडून 15 मिनिटं वाफ. पान सोलताना पीठ चिकटलं तर थोडं थांबा, वाफ निवली की सुटतं. गोव्यात 15 ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, ख्रिस्ती घरांतही ह्या करतात; हळदीची पानं तेव्हा भरात असतात.

ओव्हनसाठी धोंडस, म्हणजे तवशाचा गोड केक. ते मुळात खाली मंद विस्तव आणि झाकणीवर निखारे ठेवून करतात, म्हणून ओव्हन त्याला मानवतो. तवसं म्हणजे मोठी जून काकडी. किसण्याआधी टोकाचा तुकडा चाखा, एक कडू निघाली तर सगळा घाणा वाया. बिया काढून रसासकट तीन वाट्या कीस, दीड वाटी गूळ, दोन वाट्या इडलीचा रवा तुपावर हलका भाजून, अर्धी वाटी ओलं खोबरं, मीठ, वेलची. कीस आणि गूळ उकळा, रवा घालून मऊ शिजवा, तूप लावलेल्या भांड्यात थापा आणि 180 अंश सेल्सिअसवर 35-40 मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, भुगा होतो. आदल्या दिवशी केलंत तर उलट बरं, चव मुरते.

---

प्रेषक: मालवणहून

एक राहिलं. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, तेव्हा ऋषीची भाजी ठेवा. बैलाच्या कष्टाचं त्यात काही नको असा नेम, म्हणून परसातलं: अळू, माठाचे देठ, सुरण, लाल भोपळा, दोडका, पडवळ, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे. मसाला नाही, हिरवी मिरची, मीठ, ओलं खोबरं आणि चिंच एवढंच. आधी सुरण आणि कणसं, मग देठ, भेंडी शेवटी. अळू आणि सुरणात सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज त्यांचीच. चिंचेचा कोळ भाज्या शिजत आल्यावर घाला आणि पुढे चांगली दहा मिनिटं उकळू द्या. चिरताना हाताला तेल लावा.