ई-स्पीक की विकतचा मराठी आवाज?

शांतवाचन
एनव्हीडीए या स्क्रीन रीडरसोबत, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामसोबत, फुकट येणारा ई-स्पीक आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यातून बोलणं. व्होकलायझरसारखा विकतचा आवाज घ्या आणि कानांना सुख द्या.

धारदारकान
हे वाचून राहवलं नाही. गोड आवाज वेगळा, कामाचा वेगळा. ई-स्पीक माणसाच्या बोलण्याचे रेकॉर्ड केलेले तुकडे जोडून बोलत नाही, ध्वनी मुख्यतः गणिताने घडवतो. म्हणून रेट बूस्ट (वेग खूप वाढवणारी सेटिंग) लावला तरी व्यंजनं सुटी ऐकू येतात आणि बाणाची कळ दाबताक्षणी आधीचं बोलणं तुटतं. एक्सेलमध्ये दोनशे ओळी उतरायच्या तर हेच लागतं. शिवाय पेनड्राइव्हवरची एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत परक्या संगणकावरही बोलते, परवाना आडवा येत नाही.

शांतवाचन
एक्सेल तुमचं. चारशे पानांची कादंबरी त्या आवाजात ऐकवत नाही. आणि उच्चार? ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा.

ळकार
लिपीत च एकच. शब्द आवाजाच्या उच्चारयादीत नसेल तर कुठलंच यंत्र खात्रीने ओळखेल असं नाही, विकतचंही नाही. एनव्हीडीएच्या उच्चारकोशात ‘चारा’च्या जागी ‘त्सारा’ भरा, झालं.

धारदारकान
अहो, अर्धवट सांगू नका! नोंद ‘कुठेही’ लागू केली की ‘विचारात’चं ‘वित्सारात’ होतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (शब्द शोधायच्या सूत्रात) बॅकस्लॅश-बी लावून शब्दाची हद्द धरायला जाल तर तेही फसतं, कारण एनव्हीडीए ज्या भाषेत लिहिलंय ती पायथन काना-मात्रेला अक्षर मानत नाही. ‘चारा’चा शेवट कान्याने होतो, पुढे जागा, हद्दच सापडत नाही. असं लिहा:

(?<![ऀ-ॿ])चा(?=रा(?![ऀ-ॿ])|ऱ्या)

बदली ‘त्सा’. यात ‘चाऱ्याला’, ‘चाऱ्यावर’ही येतात. विभक्ती विसरलात तर नोंद निम्म्या वेळा लागत नाही.

शांतवाचन
म्हणजे हा कोश सिंथेसायझरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या प्रोग्रामच्या, आधी चालतो. व्होकलायझरलाही तेवढाच उपयोगी. मग फुकटवाल्यांचं वेगळं काय?

धारदारकान
हा मुद्दा मान्य करावा लागतो. पण ती दुरुस्ती तुमच्या संगणकापुरतीच. ई-स्पीकची मराठी शब्दयादी आणि नियम उघडे आहेत. शब्द घाला, कंपाइल करा, ‘-एक्स’ पर्यायाने ध्वनी तपासा आणि मूळ प्रकल्पाला पाठवा. स्वीकारला तर लिनक्सवर ऑर्का हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही तो मिळतो. फाइल नुसती एनव्हीडीएच्या फोल्डरमध्ये टाकू नका, पुढच्या अपडेटला जाते. विकतच्या आवाजात ही सोय नाही, आणि मराठीला तिचीच जास्त गरज आहे.

ळकार
भांडता कशाला, दोन्ही ठेवा. एनव्हीडीए+कंट्रोल+पी दाबा, नवं प्रोफाइल (सेटिंग्जचा वेगळा संच) करून ते सलग वाचनाला जोडा. मग ते हाताने सुरू करा, त्यात विकतचा आवाज निवडा आणि पुन्हा हातानेच बंद करा. बंद करायचं राहिलं तर बाण दाबतानाही तोच आवाज येतो.

शांतवाचन
बरं. कादंबरी माझ्या आवाजात, एक्सेल तुमच्या. पण ‘पत्र्याचा डबा’ मागे घेत नाही.