कोळशाच्या ढिगातून वाफ आणि रॉकेलसारखा वास, पाणी मारूनही थांबत नाही

सायझिंग_इचल: बॉयलरसाठी आणलेल्या इंडोनेशियन कोळशाचा उघड्यावर साधारण 150 टनांचा ढीग आहे. उंची 4 मीटरच्या आसपास, मागची बाजू कंपाउंडच्या भिंतीला टेकलेली. सकाळी भिंतीकडून वाफ निघते, रॉकेलसारखा वास येतो. वरून पाणी मारलं की दोन दिवस बरं, मग उलट जास्त. ताडपत्री टाकू का? पाऊस तोंडावर आलाय.

यार्डवाला: वास यायला लागला म्हणजे आत कुठेतरी तापमान चांगलंच चढलंय. आधी जागा शोधा. टोकदार, बंद तोंडाचा 2 मीटरचा पाइप ढिगात ठोकून त्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडा. तो नसेल तर लोखंडी सळई खुपसा, 15 मिनिटांनी ओढून टोकाजवळ हात न्या. हात धरवत नसेल तर तो भाग उकरायचाच. वरचा मध्य सोडून उतार आणि पायथा तपासा. डंपर ओतताना मोठी ढेकळं घरंगळत खाली जातात, त्यांच्या फटींतून हवा आत शिरते आणि 1-2 मीटर आतल्या चुऱ्याला तापायला ती पुरते. 50 अंशांपर्यंत नजर ठेवा. 70 च्या वर वाट बघू नका, तिथून पुढे तापमान झपाट्याने चढतं.

पाणी वरून मारून आत पोचत नाही. ते ओघळीने वाट काढतं, चुरा वाहून नेतं आणि हवेला नवे रस्ते करून देतं. लोडरने गरम भाग बाहेर काढा, मोकळ्या जागेत फूटभर थरात पसरा, मग त्यावर पाणी. थंड झालेला माल आधी जाळा, पण गरम असताना कन्व्हेयरवर चढवू नका. रबरी पट्टा जातो.

फायरमन_चंद्रपूर: वरच्यात भर. लालबुंद निखाऱ्यावर एकदम पाण्याचा जोरदार झोत नको, हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊन भडका उडतो. लोडरवाल्याला वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं करा, म्हणजे धूर त्याच्याकडे जाणार नाही. ढिगावर कुणी चढू नये, आतून जळून पोकळी झाली असेल तर माणूस खाली जातो.

ताडपत्रीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता टाकू नका. भरपूर वारा उष्णता घेऊन जातो, हवा पूर्ण बंद केली तर जळणंच थांबतं. घातक असते ती मधली स्थिती, म्हणजे झिरपणारी थोडी हवा, आणि कडा उघड्या राहिलेल्या ताडपत्रीखाली नेमकं तेच होतं.

सायझिंग_इचल: मग नवीन गाडी आली की कसं रचू? विदर्भातल्या वणीचा कोळसा घेतला तर त्रास कमी होईल का?

यार्डवाला: वणीचाही आपोआप तापतो, तेवढ्यासाठी बदलू नका. उंची अडीच मीटरच्या आत, अर्ध्या-अर्ध्या मीटरचा थर टाकून प्रत्येक थर लोडरने दाबा, बाजूंचा उतार मंद ठेवा. भिंतीपासून सुटा ठेवा म्हणजे चारी बाजूंनी लोडर फिरेल. आत खांब, वाफेची लाइन, लाकूड, चिंध्या काही नको. खांबालगतची फट धुराड्यासारखी हवा ओढते. जुना माल आधी संपवा, नवा त्यावर ओतू नका. उन्हाळ्यात वाळलेला कोळसा पहिल्या पावसाचं पाणी शोषताना स्वतःच उष्णता सोडतो, म्हणून तेव्हा सळई खुपसून रोज तपासा.

फायरमन_चंद्रपूर: आणि पुढच्या खेपेपासून दोन-तीन आठवड्यांना पुरेल एवढाच मागवा.