मे महिन्यात गोकाक? नको गं!

एकीने विचारलंय, मुलाबरोबरच्या पहिल्या भेटीला गोकाकचा धबधबा कसा. अगं, आत्ता मे महिन्यात नको! घटप्रभा नदीला खरं पाणी येतं ते पाऊस लागल्यावर. तेव्हा 52 मीटरवरून कोसळताना बघावं. उन्हाळ्यात नुसता तापलेला कातळ, झुलता पूल आणि माकडं. मला एक जण मोठ्या हौसेने घेऊन गेला होता. माकडाने त्याच्या हातातली करदंटाची, म्हणजे गोकाकच्या त्या मिठाईची, पिशवी ओढली आणि हा गडी माझ्यामागे लपला! वर परतताना "मी घाबरलो नव्हतो" हे बेळगाव येईपर्यंत चालू. दुसरी भेट झाली नाही, सांगायला नकोच.

बेळगावातच भेटायचं तर किल्ला तलाव संध्याकाळी बरा, वारा असतो. पण फिरायला आलेल्यांत एखादी मावशी निघतेच, आणि "कोण गं तो? आपल्यातलाच काय?" हे तुझ्याआधी घरी पोचतं. खडेबाजार तर विसरच. लग्नसराईत सगळे नातेवाईक तिथेच.

माझं ऐकशील तर मुलाला ठेव बाजूला, मैत्रिणींना घेऊन स्कूटीवरून जांबोटीकडे जा. खानापूरच्या त्या जंगलपट्ट्यात सध्या करवंदं, जांभळं, फणस, सगळं एकदम असतं. आम्ही दरवर्षी जातो. जीभ जांभळी होईपर्यंत खायचं, एकमेकींच्या फसलेल्या भेटींची उजळणी करायची, पोट दुखेपर्यंत हसायचं. फक्त सकाळीच निघा. दुपारनंतर वळीव कधी गाठेल नेम नाही, आणि त्या रस्त्याला आडोसा कमी आहे.