एनसीडीसीचे कर्ज आणि सामान्य सभासद: १९६२ च्या कायद्यात दुरुस्ती हवी का?

मूळ मत (ऊस उत्पादक सभासद)

राष्ट्रीय सहकार विकास निगम, म्हणजे आपण ज्याला एनसीडीसी म्हणतो ती सहकारी संस्थांना अर्थसाहाय्य देणारी केंद्राची संस्था, संसदेच्या १९६२ च्या कायद्याने निर्माण झाली आणि मार्च १९६३ मध्ये अस्तित्वात आली. त्याआधी, १९५६ पासून, सहकार आणि गोदामे या दोन्हींसाठी मिळून एकच राष्ट्रीय मंडळ होते आणि त्याचे मूळ ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीच्या अहवालात होते. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ सदस्य असलेल्या त्या समितीला शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के आढळला होता. तरीही सहकार फसला असला तरी तो यशस्वी झालाच पाहिजे, असाच निष्कर्ष तिने काढला. निगमाच्या कायद्यामागे ही जिद्द आहे, म्हणून मला त्या कायद्याबद्दल आदर आहे. दुरुस्तीची मागणी मी त्या आदरापोटीच करतो आहे.

सुरुवातीला निगमाचा पैसा मुख्यतः राज्य सरकारांमार्फत संस्थांपर्यंत जात असे. १९७४ च्या दुरुस्तीने निगमाला बाजारातून पैसा उभा करण्याची वाट मोकळी झाली आणि २००२ च्या दुरुस्तीने कामाचा पसारा वाढून संस्थांना थेट कर्ज देण्याचा मार्ग रुंद झाला. राज्याची थकहमी, म्हणजे कर्ज थकल्यास ते फेडण्याची हमी, असेल किंवा निगमाचे समाधान होईल असे तारण असेल, तर कर्ज मिळू शकते. साखर कारखान्यांसाठी केंद्राने अलीकडे निगमाला १,००० कोटी रुपयांचे अनुदान देऊन इथेनॉल, सहवीजनिर्मिती आणि खेळते भांडवल यांसाठी १०,००० कोटींपर्यंत कर्ज देण्याची योजना आणली, तीही याच चौकटीत बसते.

या चौकटीत केंद्र सरकार आहे, राज्य सरकार आहे, निगम आहे आणि कर्जदार संस्था आहे. ज्याच्या ऊसबिलातून शेवटी हे कर्ज फिटायचे, तो सभासद मात्र कुठेच नाही. मी ज्या कारखान्याचा सभासद आहे, तिथल्या एका वार्षिक सभेत निगमाकडून कर्ज उचलण्याचा विषय नवव्या क्रमांकावर होता. कार्यकारी संचालकांनी तो एका दमात वाचला आणि वाचन पुरे होण्याआधीच पुढच्या रांगांमधून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठला. रक्कम किती, मुदत किती, तारण कशाचे, हे मी मागच्या खुर्चीवरून उभे राहून विचारले, तेव्हा पुढचा विषय सुरू झाला होता. त्या हंगामानंतर माझ्या बिलातून टनामागे जी कपात सुरू झाली, तिचा या कर्जाशी संबंध आहे की नाही, हे मला आजवर कोणी लेखी सांगितलेले नाही.

म्हणून कायद्यातच तीन गोष्टी याव्यात असे माझे मत आहे. ठरावीक रकमेच्या वरच्या थेट कर्जासाठी प्रकल्प अहवालाचा मराठी गोषवारा सर्वसाधारण सभेच्या आधी प्रत्येक सभासदाच्या हाती पडला पाहिजे. कर्ज मंजूर किंवा नामंजूर का केले, याची कारणे निगमाने जाहीर केली पाहिजेत. आणि निगमाच्या व्यवस्थापन मंडळावर सहकारी संस्थांनी स्वतः निवडून दिलेले प्रतिनिधी असले पाहिजेत.

प्रतिसाद (जिल्हा बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त)

आपली कळकळ पटते, परंतु उपाय चुकीच्या दारात मागितला जातो आहे. सभेची नोटीस, विषयपत्रिका, सभासदाचा कागदपत्रे पाहण्याचा हक्क, या गोष्टी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि संस्थेचे पोटनियम यांच्या कक्षेतल्या आहेत. त्या पाळल्या जात नसतील तर दाद सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे मागायची. धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्याने, सभासदाचा वकील व्हावे ही अपेक्षा कर्जव्यवहाराच्या मुळावर येते.

मी तीस वर्षे कर्जप्रकरणे हाताळली आहेत. कारखान्याला पैसा लागतो तो बॉयलर पेटायच्या आधी, तोडणी-वाहतुकीच्या टोळ्यांना उचल देताना. त्या आठवड्यांत पैसा आला नाही तर ऊस फडात वाळतो आणि नुकसान आपण ज्याची बाजू घेता त्याच सभासदाचे होते. त्या वेळी अहवाल छापणे, वाटणे, हरकती मागवणे यांत दीड-दोन महिने गेले, तर मंजूर झालेले कर्जही निरुपयोगी ठरेल.

शिवाय निगमाची कामगिरी पाहावी. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निगमाला चार वर्षांत मिळून २,००० कोटींचे अनुदान मंजूर केले, त्याच्या आधारावर निगमाने बाजारातून २०,००० कोटी उभे करायचे आहेत. त्या वेळी सरकारने निगमाची वसुली ९९.८ टक्के आणि निव्वळ अनुत्पादक (म्हणजे थकलेले) कर्ज शून्य असल्याचे सांगितले. इतकी वसुली मी कोणत्याही जिल्हा बँकेत पाहिलेली नाही. ज्या संस्थेचे हिशेब नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासतात आणि जिचा पैसा परत येतो, तिच्या कायद्याला हात लावण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रतिसाद (विकास सोसायटीचा माजी सचिव)

वरची दोन्ही मते कारखान्याच्या उंचीवरून लिहिलेली आहेत. आमच्या सोसायटीचे, म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांच्या प्राथमिक सहकारी संस्थेचे, गोदाम निगमाच्या अर्थसाहाय्यातून, राज्यामार्फत, बांधले गेले. दर्शनी भिंतीवर तशी पाटी आहे. मी कामाला लागलो तेव्हा त्यात खताच्या गोण्या छतापर्यंत रचलेल्या असत आणि पावसाळ्याच्या तोंडावर दारात बैलगाड्यांची रांग लागत असे. पुढे पत्रे गळू लागले, खालच्या थराच्या गोण्यांना ओल धरू लागली, आणि दुरुस्तीसाठी आम्ही कर्जाची चौकशी केली तेव्हा पहिला प्रश्न आला तो तारणाचा. सोसायटीकडे तारण म्हणून होते काय? तेच गळके गोदाम, आणि तेही गावठाणाच्या जागेवर, जिचा उतारा सोसायटीच्या नावावर नाही. राज्य सरकार कारखान्याला थकहमी देते. शंभर टनांच्या गोदामासाठी मंत्रालयापर्यंत कोण जाणार?

म्हणून माझा विरोध दोघांनाही आहे. मूळ लेखकाच्या अटी कायद्यात आल्या, तर मोठा कारखाना सल्लागार नेमून त्या पुऱ्या करील आणि ज्या सोसायटीत एकच सचिव तीन गावांचे दप्तर सांभाळतो, ती अर्जच करणार नाही. आणि निवृत्त साहेब म्हणतात तसा कायदा आहे तसाच ठेवला, तर थकहमी किंवा तारण या दोन दारांपैकी एकही आमच्यासाठी उघडत नाही. दुरुस्ती करायचीच असेल तर तिसरे दार उघडण्यासाठी करा: प्राथमिक संस्थांच्या लहान कर्जांसाठी निगमाचाच एक हमी निधी असावा आणि त्याची तरतूद योजनेत नव्हे, कायद्यात असावी. योजना बदलतात, बंद होतात. कायद्यातले कलम बदलायला संसदेत जावे लागते.

प्रतिसाद (सहकार कायद्याचा अभ्यासक)

एका घटनात्मक मुद्द्याकडे लक्ष वेधतो. सहकारी संस्था हा राज्यसूचीतील, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या घटनेतील यादीतील, ३२ व्या नोंदीचा विषय आहे. ९७ व्या घटनादुरुस्तीने संस्थांच्या अंतर्गत कारभाराचे नियम देशभर एकसारखे करण्याचा जो प्रयत्न झाला, त्याचा राज्यांतर्गत संस्थांना लागू होणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी रद्द ठरवला, कारण त्यासाठी निम्म्या राज्यांची संमती घेतलेली नव्हती. त्याच महिन्याच्या सुरुवातीला केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झाले आणि निगम त्याच्या अखत्यारीत आला. अशा वेळी सर्वसाधारण सभा कशी घ्यावी हे संसदेने निगमाच्या कायद्यातून सांगू लागणे, म्हणजे समोरचे दार बंद झाल्यावर मागच्या दाराने आत येणे होईल. आज हेतू सभासदाच्या भल्याचा आहे, परंतु हेच कलम उद्या एखाद्या राज्यातील नको असलेल्या संस्थांची कोंडी करण्यासाठी वापरता येईल.

मूळ लेखकाचे उत्तर

सचिवांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. माझ्या अटी प्राथमिक संस्थांना लागू करू नयेत आणि हमी निधीची त्यांची सूचना माझ्या तिन्ही मागण्यांपेक्षा निकडीची आहे.

घटनात्मक आक्षेप गंभीर आहे, पण माझ्या मागणीला तो पुरता लागू होत नाही असे मला वाटते. सभा कशी घ्यावी हे संसदेने सांगू नये. मात्र आपला पैसा कोणत्या अटींवर द्यायचा, हे धनको ठरवू शकतो. निगमाच्या कर्जकरारात आजही प्रकल्पाचा खर्च, हप्ते, तपासणी यांच्या अटी असतातच. त्यांत सभासदाला माहिती देण्याची एक अट आली, तर राज्याचा अधिकार कुठे कमी होतो?

शून्य अनुत्पादक कर्जाचा युक्तिवाद मात्र मला अजिबात पटत नाही. कारखाना चुकला आणि थकहमी म्हणून राज्याच्या तिजोरीतून हप्ता गेला, तरी निगमाच्या वहीत तो वसूलच दिसतो. कर्जामुळे संस्था सावरली की आणखी खोलात गेली, हे त्या आकड्यातून कळत नाही. शिवाय थकहमी कोणाला द्यायची हे राज्याचे मंत्रिमंडळ ठरवते. कोणत्या कारखान्यांना ती मिळाली आणि कोणत्यांना नाकारली, यावर महाराष्ट्रात २०२४ मध्ये किती कडवट वाद झाला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वादात प्रत्येक बाजूने दुसऱ्यावर राजकारणाचा आरोप केला, आणि खरे-खोटे ठरवायला सभासदाच्या हाती एकही कागद नव्हता.

प्रतिसाद (जिल्हा बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त)

थकहमीबद्दल आपण जे लिहिले त्यात तथ्य आहे, आणि मंजुरीची कारणे जाहीर करण्याला माझा विरोध नाही. आमच्या बँकेत ती नोंदवहीत लिहिलीच जात होती. नामंजुरीची कारणे जाहीर करण्यास मात्र मी शेवटपर्यंत विरोध करीन. एनसीडीसीने अमुक कारखान्याचे कर्ज नाकारले आणि त्याचे नक्त मूल्य उणे आहे, म्हणजे देणी मालमत्तेपेक्षा जास्त आहेत, असे एकदा छापून आले की दुसऱ्या दिवशी ठेवीदार दारात उभा राहतो, पुरवठादार उधारी बंद करतो आणि जो कारखाना दोन हंगामांत सावरला असता तो पहिल्याच हंगामात बंद पडतो. ती कारणे संस्थेला लेखी द्यावीत आणि सभासदाने मागितल्यास संस्थेच्या कार्यालयात पाहू द्यावीत, इथपर्यंत मी येऊ शकतो.

प्रतिसाद (विकास सोसायटीचा माजी सचिव)

कार्यालयात पाहू देण्याचा हक्क ठेवायचा असेल, तर किती दिवसांत पाहू द्यायचे आणि न दिल्यास पुढचा हप्ता थांबेल की नाही, हेही त्याच कलमात लिहिले जावे. पाहण्याचा हक्क आजही कागदावर आहे. दप्तराच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे मी नोकरीभर पाहिले आहे.