मदत हवी आहे : जनसुनावणीसाठी खंजेरी भजन

नमस्कार मंडळी,

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाला लागून उघडी कोळसा खाण येऊ घातली आहे. जनसुनावणीच्या आधी गावोगावी म्हणायला आमचं भजन मंडळ गाणं बसवत आहे. १९४२ मध्ये तुकडोजी महाराजांच्या खंजेरीनं चिमूर-आष्टीचा मुलूख पेटला होता, त्यामुळे वाद्य कोणतं हा प्रश्नच आला नाही.

अडलं आहे ते शब्दांत. उघड्या खाणीत कोळशावरचं सगळं उकरून बाजूला ढीग लावतात, खड्ड्यात झिरपलेलं पाणी सतत उपसतात, मग आसपासच्या विहिरी खाली जातात. हे कडव्यात घेतलं की भाषण वाटतं. बायांनी मात्र मोहफुलं वेचायला जायच्या वाटेवर दोन ओळी रचल्या, त्या ऐकून अंगावर काटा आला. गाणं तसंच हवं, पण पाण्याचा मुद्दाही सोडायचा नाही. तो दंडारीसारख्या (आपल्याकडचं लोकनाट्य) सवाल-जवाबात बसेल का? कोणी असं लिहिलं असेल तर एखादं कडवं नमुन्याला द्या.

दुसरं, शेजारच्या टोल्यावर गोंडी बोलतात. रेलाच्या (गोंडी नाचगाण्याच्या) चालीवर बसेल असं गोंडी रूप करून देणारं कोणी आहे का? नुसतं भाषांतर नको, त्यांच्या तोंडी शोभलं पाहिजे.

आणि सुनावणीत मत गाऊन मांडलेलं कोणी पाहिलं आहे का? पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पूर्ण कामकाजाचं चित्रीकरण होतं, म्हणून गाणं तिथंच म्हणायचं आहे. लेखी हरकती वेगळ्या देतोच आहोत. सूचना निघाली की हातात जेमतेम ३० दिवस असतात, तेव्हा लवकर कळवा.