अनुभव धागा: ब्रिटनमध्ये कोणते शहर परवडते?

नोकरी किंवा शिक्षणासाठी ब्रिटनला जाणारे बहुतेक जण घरभाड्याचा आकडा पाहूनच शहराविषयी मत बनवतात. परंतु कौन्सिल टॅक्स (स्थानिक पालिकेचा घरावरील कर, जो तेथे घरमालक नव्हे, तर घरात राहणारा भरतो), प्रवास, पाळणाघर आणि हवामान यांचा हिशेब तेथे राहिल्यावरच कळतो. तेथील रहिवाशांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

लंडन, हॅरो: आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचे भाडे १,९०० पौंड आहे; पत्नीची नोकरी नसती, तर येथे राहणे जमले नसते. मात्र गाडी घ्यावी लागली नाही, हेही जमेस धरावे. बसचे भाडे २०२५ साली १.७५ पौंड होते आणि एका भाड्यात तासाभरात कितीही बस बदलता येतात. पाचव्या झोनमधून (भाड्यासाठी केलेले पट्टे; आकडा वाढतो तसे शहराचे केंद्र दूर) ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, रोजचा प्रवास महाग पडतो, म्हणून आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची मुभा असेल तरच मी हा भाग सुचवेन. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिल येथील वास्तू फार दूर नाही आणि मुलांच्या कानावर घराबाहेरही मराठी पडते, ही गोष्ट आमच्या हिशेबात मोठी आहे.

एडिंबरा: भाडे लंडनपेक्षा कमी असले, तरी हे शहर स्वस्त म्हणता येणार नाही. जुन्या दगडी इमारतींतील उंच छताची घरे देखणी असतात, पण हिवाळ्यात ती उबदार ठेवण्याचा खर्च झोंबतो. शिवाय स्कॉटलंडचा आयकर वेगळा आहे: ४३,६६२ पौंडांपुढील उत्पन्नावर ४२ टक्के कर लागतो, तर इंग्लंडमध्ये ४० टक्क्यांचा टप्पा ५०,२७० पौंडांनंतर सुरू होतो. पगाराची बोलणी करताना हा फरक कोणीही आपणहून सांगत नाही. त्याच्या बदल्यात काय मिळते, तेही लिहितो. डॉक्टरने लिहून दिलेली औषधे येथे विनामूल्य आहेत. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे साधारणपणे ९.९० पौंड द्यावे लागतात. बावीस वर्षांखालील मुलांना बसप्रवास मोफत आहे. तीन आणि चार वर्षांच्या सर्व मुलांना वर्षाला १,१४० तास पाळणाघर विनामूल्य मिळते व त्यासाठी आईवडिलांच्या नोकरीची अट नाही. इंग्लंडमध्ये तेवढ्या तासांसाठी ती अट आहे, आणि दोन्ही पालक सरकारी मदत नाकारणाऱ्या व्हिसावर असतील, तर ते मिळतच नाहीत. लहान मुले असलेल्या कुटुंबाला म्हणूनच येथे अधिक कर भरूनही शिल्लक राहू शकते. एकट्या तरुणाला हे गणित जमेलच असे नाही, आणि डिसेंबरात पावणेचारला होणारा सूर्यास्त त्यालाच अधिक छळतो.

लेस्टर: वरील दोघांच्या तुलनेत आमचे भाडे फारच कमी आहे, आणि बेलग्रेव्ह रोडवर मेथी, गवार, कढीपत्ता सहज मिळतो. अडचण नोकरीची आहे. माझ्या क्षेत्रातील कामे लंडनमध्ये असल्याने रेल्वेच्या तिकिटांवर जे जाते, त्यात वाचलेल्या भाड्याचा बराच भाग संपतो.

मँचेस्टर, विद्यार्थी: पूर्णवेळ विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्स माफ असतो. मात्र नोकरी करणारा एक जरी त्या घरात राहायला आला, तरी २५ टक्के सवलत वजा करून बिल येते, तेव्हा ते कोणी भरायचे हे आधीच ठरवावे.

लीड्स, परिचारिका: आयटीतील मंडळींचा पगार शहराप्रमाणे बदलतो, आमचा तसा बदलत नाही. एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) वेतनश्रेणी इंग्लंडभर एकच असून अंतर्गत लंडनमध्ये तीवर साधारण २० टक्के भत्ता मिळतो, पण भाड्यातील फरक त्याहून कितीतरी मोठा आहे. त्यामुळे माझ्या मते परिचारिकांनी उत्तरेकडील शहरेच आधी पाहावीत. मात्र लीड्समध्ये ट्राम किंवा मेट्रो नाही आणि पहाटेच्या पाळीला बसवर विसंबता येत नाही, म्हणून मला गाडी घ्यावीच लागली. नव्या चालकासाठी विम्याचा हप्ता फार मोठा असतो. भारतीय परवान्यावर येथे बाराच महिने गाडी चालवता येते, त्यामुळे पोहोचताच प्रोव्हिजनल (शिकाऊ) परवान्यासाठी अर्ज करावा.