मदत हवी आहे: सैन्यातून जनसंपर्क क्षेत्रात यायचंय

नमस्कार मंडळी,

२१ वर्षं सैन्यात काढली, त्यातली शेवटची ४ माध्यमांशी बोलण्याच्या जबाबदारीवर. लवकरच निवृत्त होतोय आणि पुढे जनसंपर्काचंच काम करायचं मनात पक्कं आहे.

अडचण सवयीची आहे. आमच्याकडे वरून मंजुरी आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. इथे मात्र पत्रकाराचा फोन येण्याआधी आपणच सांगायचं असतं. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या रेल्वे अपघातानंतर रेल्वे कंपनीचे जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांनी माहिती न दडवता स्वतःहून वृत्तपत्रांना दिली होती. मला ती रीत मनापासून पटते, पण अंगवळणी पडायला वेळ लागतोय.

अपघात झाला की आधी कुटुंबाला कळवायचं, मगच बातमी द्यायची, हे मी अनेकदा केलंय. आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम तेच. बायोडेटात ते ‘संकटकाळातील संवाद’ म्हणून मांडणं योग्य दिसेल का? आणि गोपनीय कामाचे नमुने दाखवता येत नसतील तर पोर्टफोलिओत काय ठेवायचं? काल्पनिक प्रसंगावर प्रसिद्धीपत्रक लिहिलं तर चालतं?

एजन्सीत सुरुवात करावी की एखाद्या संस्थेच्या जनसंपर्क विभागात? वयाने लहान वरिष्ठांच्या हाताखाली शिकायची पूर्ण तयारी आहे. हा बदल केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.